उत्तरेला डोकं

बिबट्याला माणसाची बडबड आवडत नाही, असं वनखात्याचा माणूस आमच्या वस्तीवर येऊन सांगून गेला, तेव्हा माझी जाऊ माझ्याकडे बघून हसली. "मग हिच्या दारात तो कवाच यायचा न्हाई," म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. माझी सगळी नोकरी अंगणवाडीत गेली. पोरांच्या कालव्यावर आवाज चढवायची सवय निवृत्त झाल्यावर कुठे जाते?

आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या अलीकडे आमचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर म्हणतील, बाईनं गावाची अब्रू चव्हाट्यावर मांडली. वस्ती गावापासून फार लांब नाही, पण मधली वाट सगळी उसातून जाते. डिंभ्याच्या धरणाचं पाणी आलं तसा ऊस आला, ऊस आला तसा बिबट्या आला. आता तो उसातच जन्मतो आणि उसातच म्हातारा होतो, डोंगर त्याला माहीतही नसेल. आम्ही त्याला वाघच म्हणतो. एकट्यानं चालायचं नाही, रानात खाली वाकून बसायचं नाही आणि तोंड बंद ठेवायचं नाही, हे आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

माझ्या दोन गाई आहेत. उजाडता उजाडता दूध गावातल्या डेअरीला पोचवावं लागतं. नवरा गेलेला, मुलगा-सून चाकणला. जाऊ सोबतीला असायची, पण तिच्या मुलानं गावात स्लॅबचं घर बांधलं आणि ती वस्ती सोडून गेली. मग काही दिवस मी मोबाईलवर भीमगीतं लावून एकटीच जायची. गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी शांतता असते, तिच्यात मी मोठ्यानं खाकरत राहायची. भीत नाही असं मी सगळ्यांना सांगायची आणि भीत होते.

आमच्या रानाच्या पलीकडे गावातल्या एका बागायतदाराची पोल्ट्री आहे. तिथं कामाला कायम बाहेरची जोडी असते. त्या वर्षी पाडव्याच्या सुमाराला बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातलं एक मुसलमान जोडपं आलं. नवरा किडकिडीत, मान खाली घालून काम करणारा, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. बायको विशीतली, तिला तेवढंही येत नव्हतं. पोल्ट्रीच्या बोअरचं पाणी खारट. कोंबड्या पितात, माणसाच्या तोंडात धरवत नाही. प्यायचं पाणी गावातल्या फिल्टरवरून आणावं लागायचं आणि ते काम तिच्याकडे होतं.

एका पहाटे ती रिकामा कॅन कमरेवर घेऊन उसाच्या तोंडाशी उभी दिसली. पुढे जायचं धाडस होत नव्हतं आणि पाण्यावाचून परत जाता येत नव्हतं. मी म्हटलं, "चल." शब्द कळला नसेल, हात कळला.

पहिल्या दिवशी दोघी गप्प चाललो आणि गप्प चालणं म्हणजे वाघाला आवतण. शेवटी मीच सुरुवात केली. डेअरीवाला फॅट कसा मारतो, इथपासून सुरू केलं ते गाव येईपर्यंत थांबले नाही. परत येताना तिनं तोंड उघडलं. तिची बोली सुरेल, प्रत्येक शब्द तोंडात गोळी ठेवून बोलल्यासारखा गोल. एक अक्षर मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी एकदमच बोलायला लागलो. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. कुणी कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. अशी मैत्रीण सगळ्यांना मिळो!

थट्टा सोडा. जे मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते त्या वाटेवर बोलले. नवरा दारू पिऊन गेला तेव्हा मला रडू आलं नव्हतं, त्या रात्री मी गाढ झोपले होते, आणि त्याची मला आजही लाज वाटते की वाटत नाही हे कळत नाही. हे कुणाला सांगायचं? तिला सांगितलं. तीही काय काय सांगायची. कधी बोलता बोलता ओढणीनं नाक पुसायची, पण पाऊल थांबायचं नाही. "बोल बोल, वाघ ऐकतोय," मी म्हणायची. ती मला खाला म्हणायची. खाला म्हणजे मावशी, हे मला माहीत होतं. मी तिला पोरी म्हणायची.

वैशाखी पौर्णिमेला मी खीर केली. घरातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, पुढ्यात वाटी ठेवली, वंदना झाल्यावर तीच वाटी, मूर्तीपुढच्या फुलाची पाकळी चिकटलेली, झाकून तिच्यासाठी पोल्ट्रीवर घेऊन गेले. तिनं दोन्ही हातांनी घेतली. मग माझ्या कपाळाकडे, घराकडे, वाटीकडे बघितलं, काहीतरी पुटपुटली आणि वाटी खोलीपुढच्या कठड्यावर ठेवून दिली. खाल्ली नाही. संध्याकाळी बघते तर तिथंच, मुंग्या लागलेली.

माझं डोकंच फिरलं. आमच्या हातचं न खाणारी माणसं आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या बघितली. माझ्या सासूच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते ती मरेपर्यंत विसरली नाही. आणि आता ही कुठल्या मुलखातली, दिवसभर कोंबड्यांची घाण काढणारी, हिनंही माझी वाटी बाजूला सारावी? दुसऱ्या दिवशी मी भीमगीतं मोठ्यानं लावली आणि पुढे चालायला लागले. ती मागून येत राहिली. असं बरेच दिवस चाललं.

जुन्नरचा एक म्हातारा कोंबडीवाला पोल्ट्रीवर माल उचलायला यायचा. बापजाद्यांपासून त्याच धंद्यातला. आळेफाट्यापासून मंचरपर्यंतची पोल्ट्री त्याला तोंडपाठ, आणि मराठी माझ्याहून अस्सल. दोन पिकअप भरेपर्यंत तो माझ्या ओट्यावर चहाला बसायचा. त्याच्यापाशी मी सगळा राग ओकला. तो दाढी खाजवत हसला.

"ताई, खीर मूर्तीपुढनं उचलून दिली का चुलीवरनं?"

"मूर्तीपुढनं. का?"

"मग झालं. देवाला चढवल्यालं आमी मुसलमान खात न्हाई. तुमच्या हाताचं वावडं न्हाई तिला."

"आमच्यात निवद न्हाई," मी म्हटलं. "बुद्धाला काय भूक लागती?"

"ते तिला काय म्हाईत? आन ती खात न्हाई ते तुमाला काय म्हाईत? दोघीबी शान्या!"

शहाण्याला शब्दाचा मार. त्याच संध्याकाळी मी तिला हात धरून चुलीपाशी आणून बसवलं. तिच्या डोळ्यांदेखत भाकरी थापली, सुक्या बोंबलांची चटणी तव्यावर परतली. वास आल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. मासा म्हणजे तिचं माहेर. तिनं ताटाची वाट बघितली नाही, माझ्याच ताटात हात घातला. नंतर मी भात वाढला तर म्हणाली, "भात." मी म्हटलं, "व्हय, भात." एवढा एक शब्द दोघींचा सारखा निघाला आणि आम्ही वेड्यासारख्या हसत बसलो.

आषाढात माझ्या लक्षात आलं. इतक्या बायकांची पोटं बघितल्यावर ओढणी कशी घेतली आहे, एवढ्यावरून कळतं. वाटेत थांबून मी तिच्या पोटाकडे बोट केलं. तिनं होकाराची मान हलवली आणि मग दोन बोटं दाखवली. ती दोन्ही बोटं एक एक करून मिटली आणि तळहात जमिनीकडे नेला. दोन गेली होती. हे तिसरं. त्या दिवशी तिला कॅन उचलू दिला नाही. तो मी घेतला, दुधाची किटली तिच्या हातात दिली. माझ्या डोक्यावर कॅन, तिच्या हातात किटली, आणि पोटातलं ते, असे तिघं जण आम्ही उसातून जायला लागलो. तिला दवाखान्यात नेऊन नोंदवलं, सुया दिल्या, गोळ्या आणल्या. गोळी खाल्ली का, हे विचारायला मला भाषेची गरज नव्हती. जीभ बाहेर काढायला लावायची.

मला त्या पोराची फार आस लागली होती. माझ्या मुलाला अजून मूल नाही, त्यावरून सुनेला बोलायचं नाही असं मी स्वतःला बजावलेलं. इथं मात्र हक्कानं वाट बघता येत होती.

दसऱ्यानंतर तिच्या नवऱ्याला गावाहून फोन आला, बाप अंथरुणाला खिळला. कोंबड्यांचा लॉट निघायला आला होता, मालकानं जाऊ दिलं. तिला आठवा लागलेला, एवढा रेल्वेचा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून ती मागे राहिली. पोल्ट्रीवर रात्रीसाठी मालकानं गडी पाठवला आणि तिला मी माझ्या घरात झोपायला आणलं.

आणि एका सकाळी वाटेवर ती बोलली नाही. मी आपली बोलतेय, बोलतेय. बऱ्याच वेळानं कळलं की माझा एकटीचाच आवाज येतोय. मागे वळले. ती उभी होती. तिनं माझं मनगट धरलं आणि पोटावर ठेवलं. मी हात इकडे ठेवला, तिकडे ठेवला, दाबून बघितलं. पोट गार नव्हतं, घट्ट होतं, पण आतून काही उत्तर येत नव्हतं. माझ्या हाताला ते लगेच समजलं. तोंडानं मी म्हणत होते, "काय नाय, झोपलंय, झोपलंय ते."

कॅन आणि किटली वाटेच्या कडेला टाकून आम्ही गाव गाठलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जे करायचं ते सगळं केलं, पण करण्यासारखं उरलं नव्हतं. दिवसभर कळा दिल्या आणि मुलगी झाली. पुरी घडलेली. भुवया होत्या, नखं होती. रडली तेवढी नाही. माझ्या जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा मी बाळंतासाठी म्हणून काढून ठेवला होता, तो जावेच्या मुलानं वस्तीवरून आणून दिला. त्यातच तिला गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून वस्तीवर आलो, तर पोल्ट्रीवर माल भरणं चाललं होतं. जुन्नरचा म्हातारा पिकअपपाशी उभा. आमच्याकडे बघितलं आणि न विचारता समजला. त्यानं तोंडातल्या तोंडात त्यांच्यातलं काही म्हटलं, डोळे पुसले.

"मंचरला न्हेतो म्या लेकराला," म्हणाला. "तिथं आपली मानसं हायेत, कब्रस्तान हाये. कुनी ना म्हनायचं न्हाई."

हेच त्यानं तिला तिच्या बोलीत सांगितलं, पोल्ट्र्यांवरच्या बंगाली गड्यांकडून ती त्याला थोडीफार आली होती. तिनं बोचकं छातीशी धरून एवढंच काहीतरी विचारलं. मी म्हटलं, काय म्हणती?

"म्हनती, मला येऊ देतील का? आमच्यात बायका मातीला जात न्हाईत, ताई. खोटं कसं सांगू?" मग तो म्हणाला, "पयली दोन कुटं हायेत ते तिनं बगितलंच न्हाई. बाप्ये घेऊन गेले आन मोकळ्या हातानं परत आले. हिला मी देनार न्हाई, म्हनती."

तिनं माझ्याकडे बघितलं. आईला आपलं लेकरू कुठं आहे हे माहीत असावं, एवढंच तिचं मागणं होतं. त्यात कुठला धर्म बुडतो, ते मला अजून कळलेलं नाही.

"माझ्या बांधाला जागा हाये," मी म्हटलं. आमच्या भागात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत. कुठल्याही जातीचं असो, मातीतच ठेवतात. म्हाताऱ्यानं विचार केला. जे रडलंच नाही त्याच्यासाठी नमाजाची गरज नाही, म्हणाला. साफ जागा, साफ कपडा, माती, बास. त्यानं तिच्या नवऱ्याला फोन लावून दिला. दवाखान्यातून कळवल्यावर तो परतीच्या रेल्वेत बसलेला, अजून लांब होता. हुंदके देत एवढंच म्हणाला, खाला म्हणेल तसं करा. तोवर ऊन चढलं होतं. पिकअपमधल्या कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या, काही माना टाकायला लागल्या होत्या. म्हाताऱ्याला निघावं लागलं. गाडी हलली तरी तो खिडकीतून मागे बघत होता.

कुदळ आणि फावडं घेऊन मी एकटीच गेले. बाभळीजवळची जागा निवडली, तिथं जमीन जरा उंच आहे, पाटाचं पाणी चढत नाही. शेतकऱ्यानं खणावं तसं खणलं, बांधाला धरून, बांधाच्या लांबीत. आमचा बांध उगवतीकडून मावळतीकडे जातो. बांधाच्या कडेला लागून ठेवलं की उद्या नांगराचा फाळ लागत नाही. आणि खोल खणलं, कुत्र्यांना आणि त्या दुसऱ्याला उकरता येऊ नये म्हणून. या वयात ते सोपं नव्हतं. हाताला फोड आले. पण खड्डा असा सरळ, रेखीव झाला की मला त्या दुःखातही जरा बरं वाटलं.

घरात फिल्टरच्या पाण्यानं आम्ही दोघींनी पोरीला अंघोळ घातली. मग ती बोचकं घेऊन माझ्यामागून हळूहळू बांधावर आली. खड्ड्यात बघितलं. वर सूर्याकडे बघितलं. परत खड्ड्यात. मी हात पुढे केले तर पोरगी देईना. बोलायला लागली, भराभर, हातवारे करत. एकही शब्द कळेना. मी दमलेली, उपाशी, डोक्यावर ऊन. "आता काय झालं गं बाई? खोल पायजे? लांब पायजे? सांग ना!" मी ओरडले तिच्यावर. ती रडायला लागली.

मग तिनं पोरीला माझ्या हातांत ठेवलं आणि त्या ओल्या बाळंतिणीनं काय करावं? खड्ड्याशेजारी मातीत आडवी झाली. बांधाला धरून नाही, बांधाला आडवी. डोकं पाटाकडे, म्हणजे उत्तरेला. पाय दक्षिणेला. मग उजव्या कुशीवर वळली, तोंड मावळतीकडे केलं, उजवा हात गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. जरा वेळानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, कळलं का म्हणून.

उत्तरेला डोकं करून झोपू नये, हे माझ्या आईनं मला लहानपणापासून सांगितलेलं. माझ्या तोंडावर तेच आलं होतं. आणि मग आठवलं. आमच्या विहारात भिंतीवर मोठी तसबीर आहे, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची. दोन शालवृक्षांच्या मध्ये तो पहुडलेला. डोकं उत्तरेला, उजवी कूस, तोंड पश्चिमेला. दर पौर्णिमेला मी त्या तसबिरीपुढे हात जोडते. माझ्यासमोर माझ्या रानात ती तशीच्या तशी झोपली होती, आणि तिला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. कशाकशासाठी रडले ते सांगता येणार नाही, त्यात नवऱ्याचंही रडणं असेल.

मग उठले आणि दुसरा खड्डा घेतला, बांधाला आडवा. त्यासाठी रानात हातभर आत शिरावं लागलं. शिरले. तिनं स्वतः आत वाकून पोरीला उजव्या कुशीवर ठेवलं, तोंड नीट वळवलं, पाठीमागे मातीच्या ढेकळाचा टेका दिला. मी त्रिसरण म्हटलं, ती तिचं काहीतरी म्हणत होती, दोघी एकदम. वरून दगड रचले आणि बाभळीच्या फांद्या टाकल्या. घरी आल्यावर पिठलं-भाकरी केली. आमच्यात त्याला कडू घास म्हणतात, माती देऊन आल्यावर खायचा. तिनं दोन घास खाल्ले.

त्यानंतर दोनच दिवस गेले असतील, गावातली चार जाणती माणसं आणि त्यांच्यामागं काही तरणी पोरं माझ्या अंगणात आली. तिचा नवरा त्याच सकाळी पोचला होता, तो घरात भिंतीला टेकून बसला. बाहेर आला नाही.

"आक्का, ते पोर तुमी कुनाला इचारून पुरलं?" एक जण म्हणाला.

"रान कुनाचंय?"

"रान तुमचं हाये, नाय कोन म्हनतंय? पन गाव सगळ्यांचं हाये. आज पोर पुरलं, उद्या हिरवी चादर टाकत्याल, परवा उरूस भरंल. मग आमी काय करायचं?"

"नाचायचं उरुसात," मी म्हटलं. "दुसरं काय येतं तुमाला?"

मागची पोरं चिडली. त्यातली दोन माझ्याच अंगणवाडीत शिकलेली. नाकं मी पुसलेली त्यांची. एक म्हणाला, हे बंगाली नसतीलच, बांगलादेशी असतील, पोलिसांना कळवू. घरात भिंतीपाशी बसलेल्या माणसाचे खांदे मला दारातून दिसत होते. त्याला मराठी येत नव्हतं, पण तेवढा शब्द त्याला येत होता.

माझं ते काय करणार होते? पण त्या दोघांचं काहीही करू शकत होते. पाण्यात राहून माशाशी वैर करायला मी तयार होते, पण पाण्यात ते दोघं होते. शेवटी ठरलं असं, की उकरायचं नाही, पण वर खूण ठेवायची नाही. दगड नाही, काटा नाही, फूल नाही. लोकांच्या समोर मी माझ्या हातांनी दगड काढले आणि रान सारखं केलं. ती दारात उभी राहून बघत होती.

मालकानं दुसरी जोडी बघितली. मालक तसा वाईट माणूस नाही. "मला धंदा करायचाय, आक्का," एवढंच म्हणाला. जायच्या दिवशी ती बांधावर गेली. तिला जागा शोधावी लागली नाही, सरळ जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे वळून तिनं माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि त्याच बोटानं जमीन दाखवली. मी म्हटलं, "हाये मी." टेम्पोत बसल्यावर ती काहीतरी बोलत होती, मीही बोलत होते, टेम्पो उसाआड जाईपर्यंत.

सुरुवातीला फोन यायचे. ती व्हिडिओ लावायची, मी बांधावर जाऊन मोबाईल त्या जागेकडे धरायची. तिला काय दिसत असेल? माती आणि ऊस. ती बघत राहायची. मग फोन कमी झाले आणि एके दिवशी नंबर लागेनासा झाला. कुठं असतील, एकत्र असतील का, धरलं असेल का कुणी, मला माहीत नाही. जुन्नरच्या म्हाताऱ्याला विचारलं, त्यालाही लागला नाही. नवीन जोडी बिहारची आहे, हिंदी चांगलं बोलतात, त्यांच्याशी माझं जेमतेम चालतं. डेअरीला मी परत गाणी लावून जाते.

आता मुलाला तो बांध काढायचा आहे. दोन्ही तुकडे एक केले की ट्रॅक्टरला वळायला बरं पडतं, म्हणतो. मी म्हटलं, काढ, पण एवढ्या कोपऱ्यातून फाळ फिरवायचा नाही. रविवारी त्याला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. इथं. डोकं इकडं, पाय इकडं. तो "हा, आई, हा" म्हणत होता, एका कानाला मोबाईल. बोलणं संपल्यावर मी विचारलं, "सांग बरं, कुठं?" त्यानं बोट दाखवलं ते बाभळीच्या भलत्याच बाजूला.

माझ्या सासूची दोन तान्ही लेकरं याच बांधाला आहेत. मी नवी सून असताना तिनं मला इथं आणून दोन्ही जागा दाखवल्या होत्या. मी डोक्यावरचा पदर सावरत "हो, हो" म्हटलं होतं. त्या जागा कुठल्या, ते आज मला सांगता येत नाही.